समोशाचे पैसे कोण देणार?

लेकरांच्या करमणुकीविषयी या पानावर काही लिहायचे म्हटले की बहुतेकांना वाटते, आता टीव्ही बंद करा, मोबाईल काढून घ्या, असा उपदेश येणार. आज तसा उपदेश आम्ही करणार नाही. आई टॉवेलच्या शिलाईला, बाप रात्रपाळीला आणि घरात सांभाळायला एकटी आजी, अशा घरात लेकरू तासभर कार्टून बघत एका जागी बसले तर त्या माउलीला तेवढाच विसावा मिळतो. तो काढून घ्या असे सांगणारे आम्ही कोण?

आमचे म्हणणे निराळे आहे. कार्टून बघावे, पण त्यातल्या नायकाकडे तर सगळेच बघतात. आपण जरा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघू. जो प्रत्येक भागात मार खातो, ज्याचे नुकसान होते, ज्याची फजिती झाली की घरभर हशा पिकतो आणि दुसऱ्या दिवशी ज्याला तेच पुन्हा पहिल्यापासून भोगावे लागते, त्या माणसाविषयी आज लिहायचे आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हणजे टॉवेल आणि चादरींचे कारखाने. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण तो टॉवेल विणणारा, त्याच्या कडा शिवणारी, रंगाच्या हौदाशी उभा राहणारा माणूस कोण, हे टॉवेलवर लिहिलेले नसते. ही माणसे नीलम नगरात राहतात, कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात, 2024 साली घरे मिळालेल्या रे नगरात राहतात. त्यांच्या घरांत संध्याकाळी 'मोटू पतलू' लागते, 'छोटा भीम' लागते, जपानचा 'डोरेमॉन' लागतो. कार्टून हिंदीत बोलते. घरात मात्र कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, कोणी दखनी बोलते. तरीही हसायचे कुठे, हे सगळ्या लेकरांना एकाच वेळी कळते. आम्हाला काळजी वाटते ती याच गोष्टीची. कोणाला हसायचे, हेही लेकरू शिकतच असते.

चहावाल्याचा हिशेब

'मोटू पतलू' ही जोडी मूळची 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकातली. 2012 सालच्या ऑक्टोबरात ती निकलोडियन वाहिनीवर कार्टून होऊन आली आणि घराघरांत पोचली. गावाचे नाव फुरफुरी नगर. मोटूला समोसे भारी आवडतात. पोट रिकामे असले की त्याचे डोकेच चालत नाही. हे समोसे तळतो तो गावचा चहावाला. त्याला सगळे चहावाला म्हणूनच ओळखतात, धंदा हेच त्याचे नाव. मोटू येतो, समोसे उचलतो, तोंडात कोंबतो आणि पसार होतो. चहावाला हातवारे करीत मागे धावतो. लेकरे खदखदून हसतात.

विडी वळणाऱ्या एका आजीबाईंची गोष्ट आमच्या कानावर आली. नातू मोटूच्या पळण्यावर हसत होता आणि आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारले, "का रे बाळा, त्यो समोसे घिऊन पळाला, पैसं कोण देणार?" नातू म्हणाला, "आज्जी, कार्टून हाय की ते." आजी म्हणाल्या, "कार्टून असंना का. तळायला तेल लागलं न्हवं?"

हा प्रश्न साधा आहे, पण कष्टाने कमावणाऱ्यालाच तो सुचतो. विडी कामगार बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि एवढे करून कारखान्यात नेल्यावर तपासणीत काही विड्या छाट म्हणून बाजूला पडल्या की तेवढे कष्ट वाया. मूठभर विड्यांची छाट बघणाऱ्याला किरकोळ वाटते. जिने त्या वळल्या तिला ती किरकोळ वाटत नाही. म्हणून त्या आजींना पळणाऱ्या मोटूच्या आधी रिकामी झालेली थाळी दिसली.

'छोटा भीम' मध्येही असेच आहे. पोगो वाहिनीवर 2008 सालापासून आलेल्या या कार्टूनमध्ये ढोलकपूरची टुनटुन मौसी लाडू वळते. भीम ते कधी मागून तर कधी चोरून खातो. लाडू खाल्ला की त्याच्या अंगात बळ येते आणि तो गाव वाचवतो. टाळ्या भीमाला मिळतात. मौसीला मिळते ते रागीट, चिडकी बाई हे नाव. आपल्या मालावर डोळा ठेवणारी बाई चिडणार नाही तर काय करील?

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागला नसता. काम करून घ्यायचे आणि दाम द्यायचे नाही, याला आपल्याकडे वेठ म्हणत. महारवतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या अशी वेठ चालली. निरोप न्यायचा, सरकारी माणसांची सरबराई करायची, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व दारोदार मागितलेला भाकरतुकडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या फुकटच्या राबण्याविरुद्ध होते. समोशाची चोरी आणि वेठ एक नव्हे, हे आम्हालाही कळते. परंतु ज्या घराने वेठ सोसली त्या घरातल्या लेकराला, कष्ट एकाचे आणि खाणारा दुसरा, यात काहीतरी खटकले पाहिजे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

वीस वर्षांचा अनुभव

याच फुरफुरी नगरात घसीटाराम नावाचा एक गृहस्थ आहे. काम कोणतेही निघो, तो पुढे येतो आणि सांगतो की या कामाचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. मग काहीतरी बिघडते, सगळे तोंडावर पडतात आणि त्याचा तो अनुभव हा विनोद होऊन बसतो. लेकरांना हे वाक्य पाठ असते. गल्लीत कोणी सायकलची चेन बसवायला बसला तरी ती ओरडतात, याला वीस वर्षांचा अनुभव आहे!

बढाईखोराची फजिती करावी, त्याला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न एवढाच की शेकडो भागांत हे वाक्य हसण्यासाठीच का यावे? एखाद्या भागात त्याचा अनुभव कामी आला, गाव अडले असता तोच माणूस उपयोगी पडला, असे का घडू नये? मोटू दर भागात चुकतो आणि शेवटी सावरला जातो. घसीटारामाला सावरण्याची सोय लेखकाने ठेवलेली नाही.

अक्कलकोट रोडवर वीस वर्षांचा अनुभव ही थट्टेची गोष्ट नव्हे. मागाच्या आवाजात जरा फरक पडला की काय बिघडले ते ओळखणारी माणसे या कारखान्यांत आहेत. कापड हातात धरून सूत कसले आहे ते सांगणाऱ्या बाया आहेत. शाळा चौथी-पाचवीला सुटलेली, जमीन नाही, बँकेत पुंजी नाही. अशा माणसाजवळ जे काही साठलेले असते ते हेच. परंतु कारखाना बंद पडला आणि दुसऱ्या दारात उभे राहायची वेळ आली की या अनुभवाचा कागद किती जणांजवळ असतो? अनेकांना नेमणुकीचे पत्र कधी मिळालेलेच नसते. वीस वर्षे काम केले हे तोंडानेच सांगावे लागते, आणि कागद नसला की तोंडाचा शब्द ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. बाप संध्याकाळी घरी येऊन हे सांगू लागला आणि पोराला घसीटाराम आठवून हसू आले, तर त्या बापाने काय करावे?

अमेरिकेतला एक कामगार

असे फक्त आपल्याकडच्या कार्टूनमध्ये होते असे नाही. अमेरिकेत 1989 सालापासून 'द सिम्पसन्स' नावाची कार्टून मालिका चालू आहे. ती मोठ्यांसाठीही आहे. तिचा नायक होमर सिम्पसन अणुवीज केंद्रात सुरक्षेच्या कामावर आहे. कामावर झोपतो, खातो, चुका करतो, तरी त्याचे काही बिघडत नाही. 4 मे 1997 रोजी दाखवलेल्या भागात त्या केंद्रात फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा माणूस कामाला येतो.

या ग्राइम्सची कहाणी ऐका. चौथ्या वर्षी आईबापांनी टाकून दिलेला. शाळा मिळाली नाही, लहान वयातच कामाला जुंपला गेला. काम कोणते? सुखी घरांतल्या मुलांना खेळणी पोचवण्याचे. अठराव्या वाढदिवशी एका स्फोटात सापडला. त्यातून उठला, टपालाने अभ्यास केला आणि अणुशास्त्राची पदविका मिळवली. मालकाने टीव्हीवर त्याची कहाणी पाहिली आणि त्याला मोठ्या पदावर घ्यायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एका शूर कुत्र्याची कहाणी लागली, मालकाचे मन तिकडे गेले आणि ग्राइम्स होमरच्या शेजारच्या टेबलावर येऊन पडला.

होमर चुकून आम्ल प्यायला निघतो. ग्राइम्स ते पात्र उडवून त्याचा जीव वाचवतो. आम्लाने भिंत खराब होते आणि मालक पगार कापतो तो ग्राइम्सचा. तो राहतो एका खोलीत, जिच्या वरही चेंडूचा खेळ चालतो आणि खालीही. होमरचे मोठे घर, भरलेले ताट, बायको-मुले पाहून त्याला कळेनासे होते की आयुष्यभर कष्ट करून आपल्याला काय मिळाले. होमरची अक्कल उघडी पडावी म्हणून तो त्याला मुलांच्या एका स्पर्धेत भाग घ्यायला लावतो. होमर तिथेही जिंकतो, सहकारी त्याचाच जयजयकार करतात. ग्राइम्सचे भान सुटते. होमरची नक्कल करीत तो केंद्रभर धावतो आणि सुरक्षेचे हातमोजे न घालता विजेच्या तारांना हात लावतो. तिथेच मरतो. त्याच्या दफनाच्या वेळी होमर झोपेत काहीतरी बरळतो आणि जमलेले लोक हसतात.

हा भाग लिहिणाऱ्यांना ग्राइम्सचे म्हणणे खरे आहे हे कळत होते, असे आम्हाला वाटते. म्हणून तर तो भाग इतका कडू झाला आणि आजही त्याच्यावर वाद होतात. पण मोठा माणूस जो कडूपणा ओळखतो तो लेकराला कळत नाही. त्याला दिसतो तो एक चिडका माणूस, जो शॉक बसून गेला.

18 मे 2025 च्या पहाटे आपल्या याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालक, त्यांच्या घरातली माणसे आणि कामगार मिळून आठ जीव गेले. त्यात एक लहान मूलही होते. आगीने मालक आणि कामगार असा भेद केला नाही. हातमोजे, विजेच्या तारा, बाहेर पडायची वाट, हे शब्द या वस्तीत हसण्यासाठी नाहीत. ज्या लेकरांचे आईबाप रोज त्या फाटकातून आत जातात, त्यांनी कामगाराच्या अपघातावर हसायला शिकू नये, असे वाटणे यात रडकेपणा आहे काय?

बोलण्याची टिंगल

फुरफुरी नगरात इन्स्पेक्टर चिंगम आहे. तो हिंदी बोलतो ते दाक्षिणात्य धाटणीने. त्याने ऐटीत हवेत गोळी झाडली की वरून नारळ येऊन डोक्यावर आदळतो. माणूस प्रामाणिक आहे, लाच खात नाही, चोरामागे जीव तोडून धावतो. पण लेकरांच्या लक्षात राहते ती त्याची बोलण्याची ढब आणि तो नारळ.

सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या गल्ल्या घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या दिशेने जावे तसतशी कन्नड वाढत जाते. इथल्या लेकराची हिंदीच काय, मराठीही पुण्या-मुंबईला गेल्यावर वेगळी ऐकू येते. इथला पोरगा शिकायला बाहेर गेला आणि 'काय बे' म्हणाला की वसतिगृहात त्याची नक्कल सुरू होते. आपण चिंगमच्या बोलण्यावर हसतो तेव्हा आपल्याच बोलीवर हसण्याचा परवाना दुसऱ्याला देत असतो.

हे अमेरिकेतल्या भारतीय मुलांनी भोगले आहे. वर सांगितलेल्या 'सिम्पसन्स' मध्येच अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. शिकून पीएच.डी. झालेला, पण कार्टूनने दाखवला तो दिवसरात्र गल्ल्यावर उभा राहणारा आणि विचित्र उच्चारांत बोलणारा. त्याचा आवाज देणारे हँक अझेरिया हे भारतीय नव्हते. भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत अपू म्हणून चिडवले जाई. हरी कोंडाबोलू या विनोदी कलावंताने 2017 साली याच प्रश्नावर माहितीपट काढला. तोही लहानपणी ही मालिका आवडीने बघणारा होता, हे विशेष. पुष्कळ वाद झाला. कोणी म्हणाले, विनोदात कसला अपमान? अखेर 2020 साली अझेरिया यांनी अपूचा आवाज देणे थांबवले आणि 2021 साली भारतीय लोकांची माफीही मागितली.

यातून घ्यायचे ते एवढे की, ज्याची टिंगल होते त्याने सभ्यपणे पण न थांबता सांगितले तर तीस वर्षे चाललेला विनोदही बदलतो. आणि दुसरे असे की अमेरिकेत अपूसाठी रागावणाऱ्या आपण भारतीयांनी घरात चिंगमवर हसताना क्षणभर थांबावे.

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत नाव ठेवणे म्हणजे बारसे आणि नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. दोन्हींत एका मात्रेचे अंतर. कार्टूनमधल्या दुय्यम पात्रांच्या बाबतीत तेवढेही अंतर राहिलेले नाही. जाडा तो मोटू, बारीक तो पतलू. भीमाशी भांडणारा, दर वेळी हरणारा मुलगा कालिया. हे नाव कशावरून आले असेल ते असो, गल्लीतले पोरगे ते ऐकते तेव्हा त्याला काळा हाच अर्थ लागतो. वर्गात सावळ्या रंगाच्या पोराला कालिया म्हणून हाक मारली जाते, हे शिक्षकांना विचारून पाहा. खरे तर गावावर संकट आले की हाच कालिया कितीतरी वेळा भीमाच्या बाजूने उभा राहतो. पण ते कोणाच्या ध्यानात राहत नाही, कारण नावानेच त्याचा निकाल लावून टाकलेला असतो.

नावाची ही गोष्ट आपल्या समाजाइतकी कोणी भोगलेली नाही. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेले आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. आपल्या जुन्या पिढीत धोंडू, दगडू, कचरू अशी नावे सापडतात. त्यांतली काही आईच्या भीतीतून आलेली होती. आधीची लेकरे दगावली, हे तरी जगावे, याच्यावर कोणाची दृष्ट पडू नये, म्हणून आई दगडाचे, कचऱ्याचे नाव ठेवी. उत्तरेत याच भावनेतून घसीटाराम हे नाव ठेवीत. म्हणजे ज्या नावावर आज लेकरे हसतात ते कधीकाळी कुणा आईने जीव मुठीत धरून ठेवलेले नाव होते.

1956 नंतर आपल्या घरांत राहुल, मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता, गौतमी, प्रज्ञा अशी नावे आली. नाव बदलले की ताठ उभे राहता येते, हे आपण अनुभवले. मग आपल्या लेकरांनी दुसऱ्या लेकराला कालिया किंवा मोटू म्हणून हाक मारावी, हे आपल्या घरात तरी चालू नये.

मग हसायचेच नाही काय?

काही वाचक म्हणतील, आम्ही प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतो. विनोद म्हटला की कोणीतरी पडणारच, कोणाची तरी टोपी उडणारच. मान्य आहे. आम्हीही हसतो. हसण्यावर आपल्या परंपरेने कधी बंदी घातलेली नाही. पण आपल्याकडे हसण्याची एक रीत होती, ती आठवावी.

तमाशातला सोंगाड्या हा काही राजा नसतो. त्याचे काम दुय्यमच. पण वगात राजाला, पाटलाला, सावकाराला तोंडावर सुनावतो तो हाच. लोक हसतात ते त्याच्याबरोबर, आणि ज्याच्यावर हसतात तो गादीवर बसलेला असतो. आंबेडकरी जलशांनी हीच रीत उचलली आणि भटशाहीची, सावकारीची, अंधश्रद्धेची खिल्ली उडवून गावोगाव माणसे जागी केली. चार्ली चॅप्लिनचा 1936 चा 'मॉडर्न टाइम्स' पाहा. त्यात कारखान्याच्या पट्ट्यासमोर बोल्ट आवळून आवळून वेडापिसा झालेला कामगार आहे. आपण पोट धरून हसतो. पण तो कामगार त्या चित्रपटाचा नायक आहे, आणि हसता हसता आपल्याला राग येतो तो यंत्राच्या मालकाचा.

म्हणून आमची कसोटी सोपी आहे. पडणारा कोण आणि पाडणारा कोण, हे पाहावे. बलवान पडला आणि दुबळा हसला, तर हसू निरोगी. दुबळा रोजच पडतो आणि बलवान रोजच सुटतो, तर त्या हसण्याकडे जरा लक्ष द्यावे.

आंब्याची वाटणी

चांगले कार्टून करता येते, हे आपल्याकडच्या माणसांनीच दाखवले आहे. 1990 च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी 'मीना' ही कार्टून मालिका काढली. भारतीय व्यंगचित्रपटांचे ज्येष्ठ दिग्दर्शक राम मोहन यांचा तिच्यात मोठा वाटा होता. मीना ही खेड्यातली साधी मुलगी, भाऊ राजू आणि मिठू पोपट. एरवी अशा घराच्या गोष्टीत मुलगी कडेला, पाणी भरताना दिसली असती. इथे तीच नायिका झाली.

त्यातली आंब्याच्या वाटणीची गोष्ट ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. घरात आंबा येतो, मोठा वाटा राजूला. मीना म्हणते, मीही तेवढेच काम करते. राजू म्हणतो, माझे काम जास्त. मग दोघे एक दिवस कामाची अदलाबदल करतात. संध्याकाळपर्यंत राजू थकून जातो आणि वाटणी सारखी हवी हे घराला पटते. कोणाला चापट बसली नाही, कोणाचे नाक कापले गेले नाही, आणि तरी लेकरे हसली. कडेच्या माणसाची जागा एक दिवस दुसऱ्याने घेतली, एवढेच त्या गोष्टीत घडते.

घरात काय करावे?

वाहिनीवर काय दाखवावे हे आपल्या हातात फारसे नाही. घरात काय बोलावे हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी इंग्रजी शिकलेले असावे लागत नाही. विडी वळणाऱ्या त्या आजींनी काम न थांबवता ते केले. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, लेकरांबरोबर एक भाग बसून बघावा आणि संपल्यावर दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. आज नुकसान कोणाचे झाले? ते कोणी भरून दिले? आणि ज्याची फजिती झाली त्याच्या घरी आज रात्री काय बोलणे झाले असेल?

शेवटचा प्रश्न विचारून पाहाच. लेकरे जी उत्तरे देतात ती ऐकून थक्क व्हायला होते. ती चहावाल्याला बायको देतात, दोन मुले देतात, त्याच्या मुलीची शाळेची फी देतात. घसीटारामाला म्हातारी आई देतात. ज्याला लेखकाने घर दिले नाही त्याला लेकरू घर बांधून देते. एकदा घर दिसले की त्या माणसावर पूर्वीसारखे हसता येत नाही, आणि मग वर्गातल्या सावळ्या पोराला, दारावर आलेल्या भंगारवाल्याला, गटार साफ करायला आलेल्या काकांना हाक मारतानाही लेकराचा आवाज बदलतो. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी आपले पहिले पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले, म्हणजे ज्यांना बोलू दिले नाही त्यांचा नायक. आपल्या लेकरांनी कार्टूनमधल्या मुक्या माणसांचे बोलणे ऐकावे, हा त्यातलाच एक लहानसा पाठ समजावा.

मुलांनो, आता तुमच्यासाठी एक काम. वहीच्या एका पानावर मावेल अशी गोष्ट लिहा, मराठीत लिहा, शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. लिहून झाली की आधी घरात वाचून दाखवा, मग आमच्याकडे पाठवा. गोष्टीची सुरुवात आम्ही करून देतो. फुरफुरी नगरातल्या चहावाल्याने आज दुकान उघडलेच नाही. मोटू आला, थाळी रिकामी. पुढे काय झाले?